कोरड्या पेल्याची मोहीम

दर्यावर्दी मंडळींची सनद, म्हणजे जहाजावरील चाकरीचा परवाना, तुफानांत बुडत नाही, खडकावर फुटत नाही, ती क्वचित भलत्याच ठिकाणीं अडते. ती कोठें अडली व कैसी सुटली, हें पुढील पिढ्यांस ठाऊक असावें, या हेतूनें ही हकिकत लिहिली असे.

मूळ ऐसें जे, लग्नाचे दुसरे दिवशीं सासूबाईंनीं नव्या सूनबाईंस स्वयंपाकघरांत खलबतास पाचारण केलें, आणि दार लोटून, आवाज उतरवून सांगितलें कीं, "अगं, एक सांगून ठेवते. याला दाराबाहेर कोणी उभं असलं ना, की होत नाही. शाळेत असल्यापासून. जरा सांभाळून घे हो."

सूनबाई पदवीधर. त्यांनीं "अहो आई, बोटी चालवतात ते आता!" म्हणोन हसून तो इशारा चहाचे कपांसंगें विसळून टाकिला. हेंच पुढें भोंवलें.

सूनबाईंचे यजमान, आमचे सरदार, म्हणजे व्यापारी जहाजावरील सेकंड ऑफिसर. अंगापिंडानें थोराड, बोलणें थोडें. काळोखांत अजस्त्र जहाजाचा मार्ग यांनीं राखावा, समोरून येणारीं गलबतें चुकवावीं, आणि रजेवर घरीं आले म्हणजे लेकीनें दाखविली त्याच खुर्चीवर बसावें. लेक चिमी, नुकती बोलूं लागलेली, परंतु हुकूम सोडण्यांत आधींपासोनच तरबेज. आणि या दोघांवर बाईसाहेबांचा, म्हणजे त्याच सूनबाईंचा, अंमल. बाईसाहेबांचा स्वभाव चिंतातुर. लेक शिंकली तर तापमापक, खोकली तर डॉक्टर, आणि गप्प बसली तर "ही गप्प का?" म्हणोन घरभर शोध. खांद्यावरील पिशवींत सुके कपडे, ओले रुमाल, बिस्किटें, मलमपट्टी ऐसी रसद सदा भरलेली.

ते समयीं घरांत एक थोर मोहीम चालू होती, ती चिमीचें डायपर सोडविण्याची. त्या कामीं बाईसाहेबांनीं कायदा जारी केला कीं, घराबाहेर पडण्यापूर्वीं प्रत्येकानें जाऊन यावें, लागली असो वा नसो. आणि चिमी आसनस्थ झाली म्हणजे बाईसाहेबांनीं सामोरें बसून ओठ चंबू करून "शूऽऽऽ" ऐसा लांब सूर धरावा, आणि मग कार्य सिद्धीस गेलें कीं घरांतील सर्वांनीं टाळ्या पिटून "शाब्बास!" म्हणावें. सरदारही रजेंत हाच सूर धरीत. जहाजावर भोंगा वाजविणारा पुरुष, परंतु यांत बाईसाहेबांची सर त्यांस आली नाही.

ऐशांत कंपनीचें फर्मान आलें. नवें जहाज बंदरीं लागलें आहे, सरदारांनीं रुजू व्हावें, तत्पूर्वीं लघवीचा नमुना देऊन नशापाण्याची तपासणी करून घ्यावी. सरदारांची नशा म्हणाल तर आलें घातलेला चहा. सबब कोणासही भय वाटलें नाही. तपासणीचे सकाळीं तिघांची स्वारी निघाली, आणि उंबऱ्यावर बाईसाहेब सवयीनें गरजल्या, "चला, जाऊन या सगळ्यांनी!" आणि चिमी गेली, आणि मग सरदारही गेले, आणि पोटांतील अवघा साठा, जो त्या दिवशीं सोन्याच्या मोलाचा होता, तो घरींच रिता करून आले. चूक कोणाची, याचा निवाडा त्या घरांत अद्याप चालू आहे.

तपासणीचें ठाणें एका इमारतीचे पहिल्या मजल्यावर. पांढऱ्या भिंती, ओळीनें जोडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यांत थंड पाण्याचें यंत्र. त्या ठाण्याच्या किल्लेदारीण म्हणजे हातमोजे घातलेल्या एक ताई. मनानें वाईट नव्हत्या, परंतु नियमाच्या पक्क्या. त्यांनीं सरदारांचे हातीं पेला दिला, खिसे रिते करविले, आणि शौचालयांतील व्यवस्था कळविली. नळ बंद केला आहे, पाणी मिसळितां येऊं नये म्हणोन. भांड्यांतलें पाणी निळें केलें आहे, तें उचलितां येऊं नये म्हणोन. आणि दार किंचित उघडें राहील, आणि मी दाराबाहेर उभी राहीन.

हें शेवटलें वाक्य ऐकतांच बाईसाहेबांस स्वयंपाकघरांतील तें खलबत आठवलें.

सरदार आंत गेले, आणि बराच वेळ गेला, आणि मग सरदार बाहेर आले. पेला कोरडा ठणठणीत.

तेव्हां ताईंनीं कलमें वाचून दाखविलीं. दारू पिऊन पहाऱ्यावर उभा राहील, पहाऱ्यावर झोपेल, निष्काळजीनें जहाज आदळवील, खोटे दाखले देईल, नशा करील, त्याची सनद तहकूब व्हावी, गुन्हा थोर असल्यास कायमची जप्त व्हावी. तपासणीस नकार देईल, त्यासही तेंच. आणि पाणी पिण्यास देऊनही, नेमलेल्या मुदतींत, सबळ वैद्यकीय कारणाशिवाय जो नमुना देणार नाही, त्याचा तो नकारच धरावा.

"अहो, पण मी नकार देत नाहीये," सरदार काकुळतीनें म्हणाले. "होत नाहीये."

"साहेब, मला कळतंय हो. पण कागदावर 'होत नाही'ला रकाना नाही."

बाईसाहेबांनीं मनांत हिशेब मांडिला. ज्या पुरुषानें आयुष्यांत बियरचा फेस चाखिला नाही, त्याचें नांव दारुडे, झोपाळू व लबाड यांचे पंक्तीस बसणार, आणि सनदेविना जहाज नाही, आणि जहाजाविना हा पुरुष म्हणजे पाण्याबाहेरील मासा, आणि हें सर्व कशामुळें, तर उंबऱ्यावरील त्या एका आरोळीमुळें! मुदत दुपारच्या सुट्टीपर्यंत होती. त्यांनीं डोळे पुसले, पदर खोचावा तैसी ओढणी खोचिली, आणि मोहीम हातीं घेतली.

प्रथम रसद. यंत्रांतून पेले भरभरून आणावे, आणि सरदारांनीं ते ताईंनीं घालून दिलेल्या मर्यादेंत रिचवावे. मग कवायत. खुर्च्यांचे पुढून येरझाऱ्या घालाव्या, पायऱ्या उतराव्या चढाव्या. चिमीस हा खेळ फार पसंत पडला, सबब तीही मागोमाग पाणी पीत व धावत सुटली.

त्या यंत्राचे शेजारीं एक वयोवृद्ध चीफ इंजिनिअर बसले होते. मिशा पांढऱ्या, कपडे कडक इस्त्रीचे, हातीं पेला तसाच कोरडा. ते सरदारांस म्हणाले, "काय ऑफिसर, डेकवाल्यांची टाकी रिकामीच का?"

"तुमच्या इंजिनरूमची तरी कुठे भरलीय, साहेब?"

"आमचा वॉल्व्ह जाम आहे. जुना माल." ऐसें म्हणोन ते हसले, आणि मग हसणें अर्ध्यांत टाकून घड्याळाकडे पाहूं लागले. त्यांचेसंगें कोणी आलें नव्हतें.

सरदार दुसरे खेपेस आंत गेले. आतां साठा मुबलक, परंतु दिंडीबाहेर ताईंचे बूट दिसतात, त्यांचा श्वास ऐकूं येतो, आणि साठ्याचा दरवाजा कांहीं केल्या उघडेना! परत आले तों मुद्रा काळवंडलेली, चाल अवघडलेली. मुदत सरत आली. सरदार तिसऱ्यांदा आंत गेले, तें पालखींतून नव्हे, फांसावर निघाल्याप्रमाणें.

आणि नेमके ते घटकेस चिमी बाईसाहेबांची ओढणी खेंचून म्हणाली, "आई, शू!"

बाईसाहेब तीस उचलून लगतच्या दुसऱ्या शौचालयांत धावल्या. दोहींमध्यें एक पातळ भिंत, तीही वर छतापर्यंत न पोहोंचलेली. पलीकडे सरदारांचें खाकरणें ऐकूं आलें. बाईसाहेबांनीं चिमीस आसनावर बसविलें, आणि सामोऱ्या बसल्या, आणि ओठ चंबू केला, आणि तो सूर धरणार इतक्यांत त्यांचे ध्यानीं आलें कीं, या सुरास केवळ लेकच नव्हे, लेकीचा बापही महिनाभर सकाळ-संध्याकाळ ऐकून सरावला आहे. मग त्यांनीं छाती भरून श्वास घेतला, मान वर करून तोंड भिंतीचे वरील फटीकडे केलें, आणि सूर लाविला.

"शूऽऽऽऽऽऽ..."

तो सूर भिंत ओलांडून गेला. चीफ इंजिनिअरांनीं पेला मांडीवर ठेविला. ताई दाराबाहेर चमकल्या. बंद केलेला नळ म्हणावा तर हा नव्हे, नमुन्यांत कांहीं मिसळलें म्हणावें तर तेंही नव्हे, आणि शेजारचे खोलींत आईनें लेकीस शू करवूं नये ऐसें कलम कोठेंही लिहिलेलें नाही. त्यांनीं छताकडे नजर लाविली आणि म्हटलें, "बाहेरचा आवाज आहे. माझी हरकत नाही."

आधीं चिमीचे बाजूस धार लागली. आणि मग, किंचित अंतरानें, भिंतीपलीकडे. आधीं बिचकत, मग निर्धास्त, मग पावसाळी पन्हळीप्रमाणें. बाईसाहेबांस रडूं कोसळलें, तरी त्यांनीं सूर सोडिला नाही.

चिमीनें कान टवकारिले, वर पाहिलें, आणि दोन्ही हातांनीं टाळ्या पिटून अवघ्या ठाण्यास ऐकूं जाईल ऐसी घोषणा केली, "बाबाने शू केली! शाब्बास बाबा!"

खुर्च्यांवरील अपरिचित मंडळींनींही टाळ्या वाजविल्या. सरदार भरला पेला दोहों हातीं धरून बाहेर आले, कान तांबडेलाल, मुद्रेवर तेज ऐसें जणूं गड सर केला. ताईंनीं पेल्याची उष्णता पाहिली, मोहोर केली, दस्तक दिलें. येणेंप्रमाणें सेकंड ऑफिसर यांची सनद दुपारच्या सुट्टीपूर्वीं, मुदतीचे आंत, अभंग राखिली गेली, हें येथें नोंदविलें असे. निकालही पुढें निर्मळ आला, आणि सरदार जहाजावर रुजू जाहले. फत्तेचा मान कोणाचा, हें सासूबाईंस फोनवर कळविलें असतां त्या इतकेंच बोलल्या, "मी सांगितलं होतं."

परंतु बाईसाहेबांचा जीव अद्याप स्वस्थ नाही. निघतेसमयीं त्या चीफ इंजिनिअरांपाशीं थबकल्या होत्या. म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी पण करू का? मला काही लाज नाही."

"छे छे, बाई! जुनं यंत्र आहे, आपोआप सुरू होईल. तुम्ही जा, पोर दमलीय." ऐसें म्हणोन त्यांनीं चिमीस सलाम ठोकिला, आणि आणिक एक पेला पाणी भरून घेतलें, आणि दाराकडे पाहिलें, जेथें ताईंचे बूट होते. बाईसाहेब गेल्या. जावयास नको होतें, ऐसें आतां रोज म्हणतात.

सबब वाचणारांस विनंती. तुमचें त्या ठाण्याचे बाजूस जाणें झालें तर पहिल्या मजल्यावर डोकावून या. पाण्याचे यंत्रापाशीं, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री. ते नसले तर ताईंस विचारा कीं काकांचें झालें का. आणि असले, तर त्यांस कांहीं विचारूं नका, त्यांचेकडे पाहूंही नका. लगतच्या खोलींत जा, आणि जरा सूर धरा.