खाकरल्यावर उघडणारं दार

आमचे शेजारी नथूआप्पा कुणाच्याही दाराची कडी वाजवत नाहीत. दारासमोर उभे राहतात, टोपी नीट करतात आणि खाकरतात. मग वाट पाहतात. पोस्टाच्या दारापुढे तर त्यांच्यामागे रांग लागते.

नंदुरबारात सुपरबाजार आला तेव्हा त्याचं आपोआप सरकणारं काचेचं दार बघायला सगळी गल्ली लोटली. आप्पांना मी घेऊन गेलो. ते खाकरले, दार सरकलं. आत गार हवा, दुधासारखा उजेड, कुठूनसं हळू गाणं. मी हरखून गेलो. आप्पा म्हणाले, "त्यामा काय नवं शे? मन्हा घरमा असं दार लगीन व्हयनं तैपासून शे."

खोटं नव्हतं. आप्पा ओट्यावर खाकरले की जिजी, म्हणजे त्यांची बायको, आतून दार उघडायची. आप्पांनी स्वतःच्या दाराला कधी हात लावला नव्हता.

सुपरबाजारचं दारही खाकरल्यावरच उघडतं, हे त्यांनी इतकं ठासून सांगितलं की रनाळ्याहून आलेली मंडळीही आधी खाकरायची आणि मगच आत शिरायची. मॅनेजर बिचारा साथ आली समजून तोंडाला रुमाल बांधून बसे.

दुकान फोफावलं. त्याच मालकाची शहाद्यात, तळोद्यात, पार खापरलाही दुकानं निघाली. त्याच सुमारास जिजी गेली. तेव्हापासून आप्पा रोज संध्याकाळी सुपरबाजारात जायचे आणि एक काडीपेटी घेऊन यायचे.

"आप्पा, लंका जाळता का?" आम्ही चेष्टा करायचो. ते नुसते हसायचे.

मग दुकानं आली तशी विरली. आधी खापरचं, मग तळोद्याचं, शहाद्याचं. आमच्याकडे फळ्या रिकाम्या झाल्या, गाणं थांबलं, पण दार सरकत होतं. एकदा एक गाय आत जाऊन त्या गार उजेडात निवांत रवंथ करत बसली होती.

एका संध्याकाळी पाहिलं तर दिवे बंद, आत कुणी नाही. काचेत मावळतीचं आभाळ उतरलेलं आणि त्यासमोर आप्पा. खाकरले. थांबले. पुन्हा खाकरले. मला पाहून म्हणाले, "आते कोठलंच दार उघडत नही रे, भाऊ."

काडीपेट्यांचा अर्थ मला तेव्हा लागला.

आता संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज बारीक ठेवतो. ओट्यावर खाकरणं ऐकू आलं की उठून दार उघडतो. आप्पा टोपी नीट करत आत येतात, मागे वळून दाराकडे एकदा बघतात.

"चालू शे आजून," म्हणतात.