धवलशेठच्या नौकेची आठ भोकं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गिल्बर्ट कोरियाने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. त्याने परवानगी मागितली.

गिल्बर्ट मढचा. फायबरच्या होड्यांची दुरुस्ती हा त्याचा धंदा, आणि स्वतःची मासेमारीची एक होडी, ‘स्टेला’. टाइल्सचा व्यापार करणाऱ्या अंधेरीच्या धवलशेठने आपली एकोणचाळीस फुटी मोटरनौका त्याच्याकडे आणली. नौकेच्या पाठीमागे पाण्यालगत तीन फूट रुंद स्विम प्लॅटफॉर्म बसवायचा होता. म्हणजे एक सपाट फळी आणि शिडी. तिथून समुद्रात उतरायचं, डुंबायचं, परत वर यायचं. धवलशेठला पोहता येत नव्हतं. पण त्याच्या साडूच्या नौकेला प्लॅटफॉर्म होता, त्यामुळे गरज तातडीची होती.

गिल्बर्टने नौका गावच्या उतारावर ओढून घेतली. होड्या पाण्याबाहेर काढायला गावाला तेवढा एकच उतार. नौकेच्या मागच्या भिंतीला बोल्टसाठी आठ भोकं पाडली. आठवड्याचं काम. पण गेल्या वर्षी कागद नाहीत म्हणून त्याच्या शेडला नोटीस लागली होती, तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. नौकेची लांबी वाढतेय, सरकारला कळवलेलं बरं, असा विचार करून तो इस्त्रीचा शर्ट घालून अंधेरीला ‘जलयान फेरफार कक्षा’त गेला.

कक्षप्रमुख मार्तंडसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. असा अर्ज त्यांनी बावीस वर्षांच्या सेवेत पाहिला नव्हता.

“हे वाढीव बांधकाम झालं,” ते म्हणाले. “प्रयोजन काय?”

“पोहायला, साहेब. आंघोळ म्हणा.”

“आंघोळ?” साहेबांनी चष्मा काढला. “मग सांडपाणी कुठे जाणार?”

“समुद्रात.”

“म्हणजे सांडपाणी थेट समुद्रात सोडणार, आणि हे तुम्ही मला तोंडावर सांगताय?”

“साहेब, ते समुद्राचंच पाणी. माणूस समुद्रातच असतो ना.”

“माणूस कुठे आहे हा वेगळ्या विभागाचा प्रश्न आहे. तुम्ही मलनिस्सारणाचा ना-हरकत दाखला आणा.”

खिडकीखालच्या नाल्यातून अर्ध्या अंधेरीचा मैला काळाभोर वाहत समुद्राकडे चालला होता. त्याने कधी अर्ज केला नसल्यामुळे त्याच्यावर आक्षेपही नव्हता.

दाखला देणाऱ्या विभागाने कळवलं, की आधी प्लॅटफॉर्म बसवा, मग सांडपाणी मोजू. फेरफार कक्षाने कळवलं, की आधी मोजणी, मग प्लॅटफॉर्म. आणि निर्णय होईपर्यंत कोणाच्या हातून काही चुकू नये म्हणून ‘जैसे थे’चा आदेश निघाला: प्लॅटफॉर्म बसवू नये, भोकं बुजवू नयेत, नौका हलवू नये.

गिल्बर्टच्या बायकोने, बेलाने, आदेश वाचला आणि नवऱ्याकडे पाहिलं. “तुला कोनी सांगितलेला इचारायला? वर्सोव्यापासून गोराईपर्यंत शंभर बोटींना फळ्या लागल्यात. एकानं तरी इचारला?”

“कागद साफ असावा गं.”

“कागद साफच हाय. आपन साफ होनार.”

मे संपत आला. मासेमारीची बंदी लागायच्या आत, समुद्र खवळायच्या आत, गावच्या होड्या वर ओढायला हव्या होत्या. आणि उतारावर धवलशेठची नौका आठ भोकं दाखवत बसली होती. गावकऱ्यांनी आपापल्या होड्या कोपऱ्याकोपऱ्यातून, खांद्यावर घेऊन कशाबशा वर काढल्या. गिल्बर्टची ‘स्टेला’ सगळ्यांत जड. ती उतारावरूनच वर येणार. खडकांपुढे दोरावर ती हेलकावे खात राहिली.

गिल्बर्ट पुन्हा अंधेरीला. “साहेब, नौका फक्त वीस फूट बाजूला घेतो. माझी होडी फुटेल हो. बायकामुलांचं पोट आहे तिच्यावर.”

“उतारावर आहे नौका?” साहेब दचकले. “सार्वजनिक उतारावर? किती दिवस?”

गिल्बर्टने प्रामाणिकपणे दिवस सांगितले. ही त्याची दुसरी चूक. दुसऱ्याच दिवशी अतिक्रमणाची नोटीस आली: नौका सात दिवसांत हटवा.

“साहेब, एक कागद म्हणतो हलवू नका, एक म्हणतो हटवा. कुठला पाळू?”

“दोन्ही पाळा,” साहेब शांतपणे म्हणाले. “दोन्ही कायदेशीर आहेत.”

सातव्या दिवशी वारा सुटला. गिल्बर्ट आणि त्याचा मुलगा ट्रेव्हर कंबरभर पाण्यात ‘स्टेला’चा दोर धरून उभे होते. ट्रेव्हर ओरडला, “डॅडी, सोड ना तो आदेश! ट्रॅक्टर लावतो, शेठची बोट खेचतो बाजूला!”

“केस होईल रे!”

तेवढ्यात दोर तुटला. केस झाली नाही. ‘स्टेला’ची डावी बाजू खडकावर भाकरीसारखी मोडली.

वारा पडल्यावर रविवारी धवलशेठ आला, सोबत वसईहून आणलेले चार कारागीर. त्यांनी दुपारपर्यंत प्लॅटफॉर्म ठोकला आणि संध्याकाळी नौका पाण्यात. गिल्बर्ट बघतच राहिला. “शेठ, परवानगी?”

“आता मागायची ना,” शेठ हसला. “केलेलं नियमित करून देतात. करायचं असेल तर देत नाहीत. इतकी वर्षं धंदा करतोस, एवढं कळत नाही यार तुला?”

दंड भरून तीन दिवसांत प्लॅटफॉर्म नियमित झाला. सांडपाण्याच्या रकान्यात ‘लागू नाही’ असा शेरा होता. मात्र फाइल बंद करताना कुणीतरी दोषी सापडणं आवश्यक होतं, आणि विनापरवाना भोकं पाडल्याची लेखी, सहीनिशी कबुली अख्ख्या फाइलमध्ये एकाच अर्जात होती. गिल्बर्टचा दुरुस्तीचा परवाना वर्षभरासाठी रद्द झाला.

जूनमध्ये फोन आला. मार्तंडसाहेबच होते. आवाज एकदम घरगुती.

“गिल्बर्ट, फायबरचं काम चांगलं करतोस म्हणे. आमच्या बोरिवलीच्या घराची बाल्कनी आत घ्यायची आहे. वरून फायबरचं छप्पर, बाजूने पत्रे. पाऊस आत येतो रे.”

“माझा परवाना तुम्हीच रद्द केलात, साहेब.”

“तो होड्यांचा. ही बाल्कनी आहे.”

“मग बाल्कनीची परवानगी?”

साहेब मनापासून हसले. “अजून सुधारला नाहीस तू!”

‘स्टेला’ सांधायला रेझिन विकत आणायचं होतं, पैसे हवे होते. गिल्बर्ट गेला. सातव्या मजल्यावर दोराला लटकून तो छप्पर ठोकत होता, तेव्हा त्याला अख्खी सोसायटी दिसली. एकूण एक बाल्कनी आत घेतलेली. कुठे पलंग, कुठे वॉशिंग मशीन, कुठे मुलांचं अभ्यासाचं टेबल.

समोरच्या इमारतीत अशाच एका बंदिस्त बाल्कनीत, सरकत्या काचेच्या आड पाय पसरून कुणीतरी वाचत बसलं होतं. मार्तंडसाहेबांसारख्या माणसांमुळेच या देशाची वाट लागली, असं म्हणत मान हलवत होतं. गिल्बर्टने नीट निरखून पाहिलं.

तुम्हीच होतात.