राजे विश्रामराव यांच्या वाहवेची हकीकत

नादास वंदन, कानास वंदन, वायरींच्या गुंत्यास लांबूनच वंदन. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं वर्तमान जाहलें तें यथामति लिहिलें असे.

कोणे एके नगरीं तिसऱ्या मजल्याचे गादीवर राजे विश्रामराव राज्य करीत होते. राज्याचा विस्तार दिवाणखाना, दोन खोल्या आणि सज्जा. राणी कुमुदबाईसाहेब. बाईंचा गळा बहुत गोड, परंतु बत्तीस वर्षांपूर्वीं कोजागिरीस सोसायटींत एकच मैफल जाहली, आणि मग गळ्याचें दुखणें होऊन गाणें कायमचें राहिलें. त्या मैफलीची एक कॅसेट, तेवढाच बाईंचा सूर राज्यांत शिल्लक. तो एकदां नीट ऐकावा हा राजांचा ध्यास, म्हणोन निवृत्त होतांच पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर आणविले, आणि सोफा सज्जांत हद्दपार केला, आणि स्वारी मधोमध खुर्ची मांडून बसली. प्रथम नवी तबकडी लाविली, तों तंबोऱ्याच्या चारी तारा निरनिराळ्या उमगल्या आणि गवयाचा श्वासही कळला. राजे गहिंवरले. मग आज्ञा जाहली, "आता बाईंची लावा!" अंमलही राजांनींच केला.

कॅसेट लागली आणि आकांत जाहला. भजीं तळावीं तैसी चरचर, सूर विहिरीच्या तळांतून यावा तैसा, आणि दर समेवर कोणी एक इसम "वाहवा!" ऐसें ओरडे. लहान यंत्रावर हा इसम पुसट ऐकूं येई, आणि तो सोसायटीचा सेक्रेटरीच ऐसें धरोन राजे बत्तीस वर्षें त्यास शिव्या देत आले होते. आतां तोच दिवाणखान्यांत येऊन उभा राहिला. राजे खवळले आणि वायरी बदलिल्या, आणि स्पीकर वीतभर इकडे, वीतभर तिकडे केले, आणि कांहीं उपाय न चाले, तेव्हां दुकानदार अरुणशेट यांस बोलावूं धाडिलें.

शेट ऐकोन बोलिले, "साहेब, स्पीकरचा दोष नाही. टेप भरतानाच जे बिघडलंय, ते चांगला स्पीकर आणखी उघडं पाडतो. टेपरेकॉर्डर होता कुठं?"

"माझ्या मांडीवर. कुणी हात लावू नये म्हणून."

"मग ही वाहवा तुमचीच की!"

पुन्हां ऐकिली. राजांचीच. राजांचें तोंड एवढेंसें जाहलें. "अगं, तुझं एकुलतं एक गाणं मीच बुडवलं," ऐसें बोलोन डोळे पुसों लागले. शेटांस दया आली, आणि त्यांनीं कॅसेट नेऊन, संगणकावर राजांस पुरतें काढून टाकून, आठां दिवसांनीं नवी प्रत आणिली. चरचर निमाली होती, बाईंचा सूर निर्मळ.

बाई डोळे मिटोन ऐकत होत्या. सम आली, वाहवेची जागा रिकामी पडली. बाईंनीं डोळे उघडिले.

"अहो, इथं मी थांबले होते. सगळे गप्प बसलेले, आवडतंय की नाही कळेना. तुमची वाहवा आली म्हणून पुढचं गाता आलं. आता ही बाई कुणासाठी थांबलीय?"

शेट म्हणाले, जुनीच लावूं. राजांनीं हातानें वारिलें आणि नवी प्रत पहिल्यापासून लाविली. सम आली, जागा पडली, आणि राजे खुर्चींतून उठोन छाती भरोन गरजले, "वाहवा!"

आणि स्पीकरांतील बाई पुढें गाऊं लागल्या.

सारांश, सूर स्पीकरांतून आणि वाहवा खुर्चींतून, ऐसी वांटणी ठरली. दर रविवारीं मैफल होते. सेक्रेटरीस राजांनीं स्वहस्तें मसाला दूध नेऊन दिलें; तें कशाबद्दल, हें त्यांस अद्याप कळलें नाहीं.