गुरुजींचा उजवा डोळा

देवव्रत गुरुजींनी मोबाइल आधी जवळ धरला, मग लांब धरला, मग चष्मा पुसून पाहिला. फोटो काही सुधारला नाही.

"अपूर्वा, माझा उजवा डोळा कुठं गेला गं?"

"तो आर्टमध्ये गेला, बाबा," लेक शांतपणे म्हणाली.

अपूर्वाने फोटो एडिटिंगचा कोर्स लावला होता. कोर्स लावलेल्या माणसाला घरातलं कुणीच सरळ बघवत नाही. त्यामुळे बाबांच्या कार्डासाठी साधा फोटो मागितल्यावर तिने त्यांना ताणलं होतं. "सोप्पं आहे. पिक्सेलची एक उभी रांग पकडायची आणि ओढायची." तिने नाकाशी पकडून ओढली होती. उजवीकडे अर्धे गुरुजी जागेवर होते. डावीकडे कपाळाचा गव्हाळ, गंधाचा तांबडा, शालीचा जांभळा असे आडवे पट्टे थेट कार्डाच्या कडेपर्यंत गेले होते.

"आणि इथला फोन नंबर?"

आता मात्र अपूर्वाने जीभ चावली. "पट्ट्यांखाली गेला वाटतं."

गुरुजी मटकन पाटावर बसले. रविवारचे साडेनऊ झाले होते, रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सटाण्याकडचे यजमान नऊलाच यायचे होते. नवं जोडपं पहिल्यांदाच गंगापूजनाला येणार होतं. त्यांच्या पाच पिढ्यांची नावं गुरुजींच्या घरच्या बाडात होती. पण या पिढीचं तोंड गुरुजींनी पाहिलं नव्हतं आणि गुरुजींचं तोंड असं पाठवलं गेलं होतं. फोनवर नवरदेवाचे काका पुंजाआप्पा म्हणाले होते, "कार्ड धाडा, पुतण्या बरोबर हुडकंल." ते आप्पा आता कांद्याच्या शेतात होते आणि तिथे रेंज नव्हती.

पलीकडच्या छत्रीखालून दिनेशशास्त्री गोड हसले. "यजमान चुकले का देवव्रत? सापडले तर मी बसवून घेतो हं. आपण काय परके आहोत?"

गुरुजी ताडकन उठले. यजमान एकदा दुसऱ्याच्या पाटावर बसला की त्याची पुढची पिढीही तिकडेच बसते.

बापलेकीने घाटावर दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत एक फुलवाली म्हणाली, "आत्ताच एक जोडपं गेलं ना! विचारत होते, अर्ध्या तोंडाचे, पट्ट्यापट्ट्यांचे गुरुजी कुठं बसतात? मी म्हटलं, असे आमच्याकडे नसतात."

"अगं बाई, नसतात कसे!" गुरुजी कळवळून म्हणाले.

जागेवर परतताच अपूर्वाची नजर यजमानांसाठी आणलेल्या सतरंजीवर गेली. तांबडी, जांभळी, पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची.

"बाबा, त्या पायरीवर चढा. आणि हलू नका."

"अगं, चार लोक काय म्हणतील?"

"चार नकोत आपल्याला, दोनच हवेत."

तिने सतरंजीचं एक टोक बाबांच्या नाकाशी धरायला दिलं आणि दुसरं टोक घेऊन त्यांच्या उजवीकडे चालू लागली. सतरंजी ताठ झाली. अर्धे गुरुजी दिसू लागले, अर्धे पट्ट्यांत गेले. दिनेशशास्त्री संकल्प सांगता सांगता थांबले. त्यांच्या पुढ्यातला यजमान हातातलं पाणी विसरून तिकडे बघत राहिला.

"मोहिनी! अगं ते बघ! सापडले!" गर्दीतून एक नवरदेव मोबाइल उंच धरून ओरडला. त्याने एकदा पडद्याकडे आणि एकदा पायरीकडे पाहिलं. "सेम टू सेम हायेत! आमाला तर वाटलं, लय मोठा अपघात झाला आसंल. गुरुजी, बरे हात ना?"

पूजा दणक्यात झाली. बाडात सहावी पिढी चढली. गुरुजींनी घरी येताच लेकीकडून दोन डोळ्यांचं, ठळक नंबराचं कार्ड करून घेतलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

पुढच्या रविवारी पिंपळगावचं एक कुटुंब ते कार्ड घेऊन आलं. पुढ्यात उभं राहिलं, गुरुजींना न्याहाळलं आणि पुढे निघालं.

"अहो, मीच देवव्रत!" गुरुजी ओरडले.

"नाय नाय," म्हातारी ठामपणे म्हणाली. "आमच्या सटाण्याच्या पावण्यांनी सांगितलंय, खरे गुरुजी सतरंजीतून निघत्यात."

दिनेशशास्त्री आपला पाट झटकून पुढे सरसावलेच होते. गुरुजी मुकाट्याने उठले, पायरीवर चढले आणि लेकीला म्हणाले, "अपूर्वा, धर ते टोक. आणि घरी गेल्यावर माझा डोळा परत आर्टमध्ये घाल. नंबर तेवढा बाहेर ठेव."