तोंडी लावायला

परदेशात माणूस अन्नावाचून मरत नाही, शब्दावाचून मरतो. ही गोष्ट सरकारने पासपोर्टच्या पहिल्या पानावर छापायला हवी होती. ज्याअर्थी छापलेली नाही, त्याअर्थी काहीतरी विचार करूनच छापली नसेल.

बायको गेल्यावर लेक मला तिच्याकडे घेऊन गेली. ती आणि जावई सकाळी कामावर जातात ते संध्याकाळी येतात. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खाणावळ आहे. मोजकी टेबलं, काचेचं दार आणि वाढणारी एकच बाई. दुपारचं मी तिथे जेवावं असं ठरलं. मला तिथली भाषा येत नाही ही अडचण लेकीने मोबाईलमध्ये दुभाषी यंत्र घालून निकालात काढली. आपण मराठीत बोलायचं, यंत्र त्यांच्या भाषेत सांगतं. ते बोलले की मराठीत आणतं. मध्ये कुठे चिडणं नाही, टोमणा नाही. (इतका शांत स्वभाव आमच्या नात्यात कोणाचाच नाही.)

यंत्र प्रामाणिक आहे. माणूस जे बोलतो तेच ते पुढे पोचवतं. घोटाळा तिथेच होतो, कारण आपण मराठी माणसं जे बोलतो ते आपल्याला म्हणायचं नसतं.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मला भूक लागली आहे." बाईने लगबगीने औषधपट्टीची पेटी आणली. भूक नावाची काहीतरी टणक वस्तू मला लागली आहे, असं यंत्राने तिला कळवलं होतं. (हे संध्याकाळी लेकीने पडद्यावरचं वाचून सांगितलं.) तिने माझा गुडघा तपासला आणि काही सापडलं नाही तरी पट्टी चिकटवली. सेवेत कसूर म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "जरा चहा टाका." किटलीत तयार असलेला सगळा चहा तिने सिंकमध्ये ओतला आणि आणखी काही टाकायचं आहे का, असं नजरेने विचारलं. वरून आलेल्या हुकुमाची इतकी तातडीने अंमलबजावणी मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिली नव्हती. नवीन चहा झाल्यावर तिने विचारलं, दूध संपलंय, तसाच देऊ का? मी म्हणालो, "चालेल." तिने चहा कागदी पेल्यात ओतला, वर झाकण लावलं आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. यंत्राच्या मते मी चालणार होतो. मग मीही चाललो. इमारतीला फेरी मारत चहा संपवला. तब्येतीला बरं असतं.

तिसऱ्या दिवशी बोट दाखवून ब्रेड मिळाला. नुसता कोरडा ब्रेड घशाखाली उतरेना. म्हणून विचारलं, "तोंडी लावायला काही आहे का?" बाई विचारात पडली. मग गल्ल्याखालून स्वतःची पर्स काढली आणि तिच्यातली ओठांच्या मलमाची डबी माझ्यापुढे ठेवली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी लावलं. पलीकडच्या टेबलावरच्या मिशीवाल्या गृहस्थांनीही थोडं मागून घेतलं.

मग ती सूप वाढायला आली. वाटी भरत आली तेव्हा मी म्हणालो, "बस, बस." ती बसली. पातेलं मांडीवर, डाव हातात, आणि चेहऱ्यावर असं समाधान की सकाळपासून तिला हे कोणीच म्हटलं नसावं. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळली, पण तिला उठवण्याइतकी भाषा माझ्याकडे नव्हती.

एकंदर आकडेवारी अशी. मागितलेलं आलं, शेकडा बारा. न मागितलेलं आलं, शेकडा साठ. उरलेलं बाहेरून लावायचं होतं.

हे सगळं मला मजेचं वाटत असलं तरी लेकीला वाटत नव्हतं. मी उपाशी राहतो म्हणून ती दुपारी ऑफिसातून धावत यायला लागली होती.

"बाबा, आज काय जेवलात?"

"मलम."

"थट्टा नको. माझे साहेब आता घड्याळाकडे बघतच नाहीत, सरळ माझ्याकडे बघतात."

"मग येऊ नकोस ना तू."

"आणि तुम्हाला उपाशी ठेवू? शुक्रवारी तुमचं तुम्ही धड जेवलात तर ठीक. नाहीतर मी नोकरी सोडते. सांगून ठेवते."

जावई भांडी पुसत होते. म्हणाले, "बाबा, शुक्रवारी निदान गिळता येईल असं काहीतरी मागा."

इथे एक खुलासा आवश्यक आहे. मी आयुष्यात कधी हॉटेलात स्वतः काही मागितलेलं नाही. बाहेर जेवायला गेलो की मी पाण्याचा ग्लास सरळ करायचो आणि पुढचं सगळं ही बोलायची. "यांना तिखट कमी. यांना गरम लागतं. यांचा चहा वेगळा आणा." वेटर मला विचारायचेच नाहीत. तो माझा दबदबा आहे, असा माझा समज होता.

शुक्रवारपर्यंत मला यंत्राची नस सापडली. क्रियापद बोलायचं नाही. मराठीत सगळी भानगड क्रियापदात असते. मी बसलो आणि म्हणालो, "सूप. ब्रेड. लोणी. चहा." सूप आलं. ब्रेड आला. लोणी आलं, तेही खायचं. मी शेवटपर्यंत जेवलो. लेकीची नोकरी आता फक्त एका कपावर होती.

बाई चहा घेऊन आली आणि काहीतरी बोलली. यंत्र म्हणालं, "साखर किती?"

मी मान डावीकडे वळवली. डावीकडे खुर्ची होती. मी म्हणालो, "हिला विचारा."

सदर वाक्याचं भाषांतर यंत्राने बिनचूक केलं. आठवड्यातलं तेवढं एकच.

खुर्चीच्या पलीकडे एक पोक्त बाई पेपर वाचत बसल्या होत्या. वाढणारीने जाऊन त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा खाली केला, मला डोक्यापासून पोटापर्यंत नीट पाहिलं, पोटापाशी जरा थांबल्या आणि निकाल दिला. यंत्र म्हणालं, "अजिबात नको." मिशीवाल्यांनीही मान हलवून दुजोरा दिला.

मी बिनसाखरेचा चहा प्यालो. बोललो काहीच नाही. यंत्र चालू होतं.

संध्याकाळी लेकीने पडदा वाचला. सूप, ब्रेड, लोणी, चहा. ती खूश झाली. "बघा, जमतं की नाही? आता मी दुपारची येणार नाही हं!" नोकरी वाचली. मग त्याखालची "हिला विचारा" ही ओळ तिच्या नजरेला पडली आणि तिने मोबाईल खाली ठेवला.

"बाबा, आई किती घालायची हो तुमच्या चहात?"

"तुला माहीत नाही?"

"मला कुठून माहीत असणार? मला कधी करू दिलाय तुमचा चहा तिने?"

जावयांना विचारण्यात अर्थ नव्हता. तरी विचारलं.

सबब, हा आकडा सध्या कोणाकडेच उपलब्ध नाही. मी रोज वेगळा अंदाज घेऊन बघतो. एक चमचा कमी पडतो, दोन जास्त होतात, आणि मधलं सगळं करून झालं आहे.

आता तुम्ही मला हसलात, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एवढं सांगा, तुमच्या चहात साखर किती? अंदाज नको, नेमकं सांगा. बघा, मान आतल्या खोलीकडे वळली. हाक मारणार असाल तर मारून घ्या. आतून ओ येते आहे तोवर.