फर्नेसजवळचा रिकामा खिळा

पुष्कर टिपणीस स्वतःची ओळख करून देत नसे, जाहीर करत असे. "ओटावात दोन गोष्टी कधी चुकत नाहीत," तो म्हणे. "जानेवारीतली थंडी आणि माझं नाक!" पोटापाण्यासाठी तो ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेत होता. शनिवार-रविवारी तेच काम तो फुकट करी. मंडळाच्या गणपतीत हरवलेल्या कुकरच्या झाकणापासून आजवर तीन प्रकरणं त्याच्याकडे आली आणि तिन्ही सुटली. तिन्ही दुसऱ्याच कुणीतरी सोडवली, हे फक्त देवेशला ठाऊक होतं. देवेश त्याचा सहायक. दोघं एकाच गाडीतून ऑफिसला जात आणि गाडी देवेशची होती, एवढीच त्याची पात्रता.

दोन हजार दहाच्या दसऱ्याला, रविवारी सकाळी नऊ वाजता, दोघं त्यांच्या मित्राच्या, चारुदत्तच्या, घरी हजर झाले. दार उघडलं तेव्हा चारुदत्त पिवळा गॉगल, गळ्यात कानझाकणं, सोळा खिशांचं जाकीट आणि कमरेला पिस्तुलाचं रिकामं होल्स्टर अशा अवतारात उभा होता. चेहरा मात्र सुतकी.

"किल्ली गेली," तो म्हणाला.

भानगड अशी होती. चारुदत्त गेले सहा महिने पिस्तूल चालवायला शिकत होता. या देशात पिस्तूल कमरेला लावून रस्त्यावर फिरायची सोय नाही. ट्रिगरला कुलूप, कुलपासकट डब्यात, डब्याला पुन्हा कुलूप, डबा गाडीच्या डिकीत आणि गाडी सरळ नेमबाजीच्या रेंजवर. तरीही होल्स्टर उजवीकडे बरं की पोटावर आडवं, यावर चारुदत्त आणि त्याचा क्लबातला मित्र नंदन तासन् तास वाद घालत. घरी सराव करताना चारुदत्त होल्स्टरमध्ये टीव्हीचा रिमोट खोची आणि सप्पकन उपसून सोफ्यावर नेम धरी. त्याच्या बायकोची, यामिनीची, मालिका त्या भरात कैकदा हॉकीवर गेली होती.

आज अकरा वाजता क्लबची शेवटची चाचणी होती. ती हुकली तर सभासदत्व रद्द, आणि सभासदत्व नाही तर पिस्तूल विकून टाका. आणि ट्रिगरच्या कुलपाची किल्ली, जी बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसजवळच्या खिळ्याला असायची, ती नव्हती!

"दुसरी किल्ली?" देवेशनं विचारलं.

"बँकेच्या लॉकरमध्ये. आईच्या पाटल्यांशेजारी. सुरक्षित राहावी म्हणून." चारुदत्तचा आवाज चिरकला. "आज रविवार आहे रे!"

"कालपासून रिमोटही सापडत नाहीये," यामिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"वहिनी," पुष्कर दुःखानं हसला, "वाघाच्या शिकारीत उंदीर मोजत नाहीत."

तो बेसमेंटमध्ये उतरला. पिस्तुलाचं लोखंडी कपाट उघडण्याचा आकडा फक्त चारुदत्तला ठाऊक होता आणि कपाट बंदच होतं. पुष्करनं भिंग काढून दारावर नाक टेकवलं. तिथे लाल-पिवळी पूड लागलेली होती.

"गनपावडर!" तो कुजबुजला.

"अरे, ती हळद–" देवेश म्हणाला.

"गप्प! न जळलेली गनपावडर पिवळी असते, अर्धवट जळलेली लाल." त्यानं हुंगलं आणि सात वेळा शिंकला. "जहाल आहे. आणि हे बघ, तांदळाचे दाणे! चोर जेवून आलेला आहे. ही झेंडूची पाकळी! चोराला बागेची आवड आहे. पुलाव खाणारा, फुलं लावणारा आणि तुझ्यावर जळणारा माणूस कोण, चारुदत्त?"

चारुदत्तनं डोकं खाजवलं. "नंदन फुलं लावतो. पण त्याच्या फुलांना दर वर्षी खारी खातात."

"वैफल्य! चोरीचं पहिलं कारण!"

त्यानं नंदनला फोन लावला आणि खोल आवाजात म्हणाला, "सगळं कळलंय. मुकाट्यानं कबूल करा."

पलीकडून नंदन वैतागला. "बरं बाबा, चारुदत्तचंच बरोबर. होल्स्टर उजवीकडेच चांगलं. आता त्याला लवकर पाठव. मी रेंजवर त्याच्यासाठी जागा अडवून बसलोय, आणि इथे मरणाची थंडी आहे."

पुष्करनं फोन ठेवला. "कसलेला गुन्हेगार. दुसराच गुन्हा कबूल केला."

घड्याळात पावणेदहा झाले. मग पुष्करचा संशय यामिनीवर गेला, कारण तिला घरात पिस्तूल नको होतं. "नको होतं, अजूनही नकोय," यामिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पण सहा महिने हा माणूस त्या चाचणीसाठी झोपेतही गुण मोजतोय. आज हुकली तर वर्षभर तोंड पाडून घरात बसेल. ते कोण सहन करणार?" मग पुष्करनं फर्नेसवर संशय घेतला. किल्ली उष्णतेनं वितळली असावी, असं त्याचं म्हणणं होतं.

देवेशला चारुदत्तकडे बघवेना. चारुदत्त जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता आणि होल्स्टरचं बटण नुसतंच उघडत मिटत होता.

तेवढ्यात वरचं दार वाजलं. चारुदत्तच्या आई, शीलाकाकू, जिना उतरून खाली आल्या. नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या काकूंच्या साडीवर विंटर जॅकेट होतं आणि हातात पिशवीभर लाल मेपलची पानं. "आपटा काही मिळाला नाही बाई. म्हटलं, हेच सोनं. शेजारचा गोरा म्हणाला, सगळी न्या, माझं अंगण झाडायचं वाचलं." मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. "का रे, काय झालं?"

"आई, किल्ली हरवली. कपाटातल्या कुलपाची."

"हरवेल कशाला? देवापाशी आहे."

चारुदत्त पायरीवरून ताडकन उठला.

"काल खंडेनवमी नव्हती का?" काकू म्हणाल्या. "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, असं कसं चालेल? तूच म्हणालास, लायसन्स नसेल तर पिस्तुलाला हात लावायचा नाही. नाही लावला. कपाटालाच हळदकुंकू वाहिलं आणि किल्ली पूजेत मांडली. किल्लीला लायसन्स लागतं का?"

सगळे देवघराकडे धावले. पाटावर किल्ली होती. तिच्याशेजारी, झेंडूचं फूल मिरवत, कुंकवानं माखलेला टीव्हीचा रिमोट होता.

"माझा रिमोट!" यामिनी ओरडली.

"रोज कमरेतून उपसतो ना हा! मला वाटलं, तेही शस्त्रच."

"मला सकाळीच का नाही सांगितलंस, आई?"

"मला कुणी विचारलं? मी पानं आणायला गेले, तर तुम्ही सगळे त्या भोंदूच्या मागे फिरत बसलात." काकूंनी नजरेनं पुष्कर दाखवला.

चारुदत्तनं हात पुढे केला. काकूंनी चापट मारली. "थांब! उत्तरपूजा झाल्याशिवाय पूजेतलं शस्त्र उचलत नाहीत."

"आई, दहा वाजले!"

"दोन अक्षतांना किती वेळ लागतो?" त्यांनी अक्षता टाकल्या, हात जोडले, किल्ली त्याच्या हातात दिली आणि बोटभर कुंकू त्याच्या कपाळावर ओढलं. "जा. जिंकून ये."

देवेशनं गाडी अशी हाणली, की अकराला पाच कमी असताना ते रेंजवर पोचले. चारुदत्त ओळीत उभा राहिला आणि रेंज ऑफिसरनं त्याचं कपाळ पाहून शिट्टी फुंकली. "सीझ फायर! सर, यू आर ब्लीडिंग!"

"गनपावडर!" पुष्कर मागून ओरडला. त्याला त्यांनी सभ्यपणे बाहेर पार्किंगमध्ये नेलं. देवेशनं आईचं कुंकू समजावून सांगितलं. ऑफिसर म्हणाला, त्याची आईसुद्धा प्रत्येक हॉकी मॅचआधी त्याच्या मोज्यांचा मुका घेत असे. चारुदत्तला पन्नास गुण हवे होते. त्याला एक्कावन्न मिळाले.

संध्याकाळी काकूंनी सगळ्यांना मेपलचं सोनं वाटलं. भोकं पडलेलं टार्गेट देवघरात टेकवून ठेवलं होतं. चारुदत्त आईच्या पाया पडला तेव्हा त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

कोपऱ्यात पुष्कर एकटाच बसला होता. काकू त्याच्याजवळ गेल्या. "तुमचं शस्त्र काय हो? काल आणायचं होतंत." पुष्करनं लाजत भिंग पुढे केलं. काकूंनी त्यावर मायेनं, काचेच्या बरोब्बर मधोमध, ठसठशीत कुंकू लावलं.

पूजेचं म्हणून पुष्करनं ते पुसलं नाही. पुढचे दोन आठवडे त्याला ऑफिसात, गाडीत, देवेशच्या डब्यातल्या भेंडीवरसुद्धा रक्त दिसत होतं.