चाकामागची काडेपेटी

परदेशात गेल्यावर बसने फिरावं, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत. मी म्हटलं, बसचे धक्केच खायचे तर घरी काय वाईट होतं? गाडी भाड्याने घेऊ. सकाळी डोंगर, दुपारी समुद्र, सगळं आपल्या मर्जीने. तिची अट एकच. डोंगरापलीकडच्या बंदरावरून चार वाजता शेवटची होडी सुटते आणि खडकांतल्या गुहा दाखवून आणते, ती चुकता कामा नये. समुद्रात होडीतून जायची तिला लग्नाआधीपासूनची हौस (आणि लग्नापासून मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतोय).

“इथे चढ फार आहेत, ऑटोमॅटिक घ्या,” गाड्या भाड्याने देणारी मुलगी म्हणाली.

मी नुसता हसलो. मी कोण, हे त्या बिचारीला कुठे ठाऊक? ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर मी. निम्मं शहर माझ्या हातून नापास झालंय. चढावर गाडी थांबवायला लावायची, मागच्या चाकामागे काडेपेटी ठेवायची आणि ‘चला’ म्हणायचं. गाडी तसूभर मागे सरली, काडेपेटी चपटली, की ‘सराव करा, पुढच्या महिन्यात या.’ नात्यागोत्याचा मुलाहिजा नाही. खुद्द बायकोला दोनदा हे ऐकवलंय. दुसऱ्या खेपेनंतर ती आठवडाभर माझ्याशी मुलांमार्फत बोलत होती. तिसऱ्यांदा आलीच नाही, तेव्हा मी समजलो, नाद सोडला.

“गिअरचीच द्या,” मी म्हटलं.

“तुम्ही शेवटची गाडी चालवलीत कधी?” बायकोने हळूच विचारलं.

“रोज गाडीतच तर असतो.”

“शेजारी बसून.”

असल्या बारीकसारीक मुद्द्यांकडे मी लक्ष देत नाही. शिवाय इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे नोकरीभर मी ज्या बाजूला बसलो, तिथेच. याला मी शुभशकुन मानलं आणि डिकीत बॅगा लावायला गेलो.

सकाळ झकास गेली. झाडाखाली बसून सँडविच खाल्ली, दरीचे फोटो काढले, समोरून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी मनातल्या मनात नापास केलं. मग शेवटचा चढ लागला. वर टोकाला निळा समुद्र दिसत होता, आणि नेमक्या तिथेच मेंढ्या आडव्या आल्या. मी थांबलो. मेंढ्या गेल्या. गाडी काही जाईना.

क्लच सोडला की इंजिन बंद, ब्रेक सोडला की गाडी मागे. मागे पाववाल्याची व्हॅन. दर प्रयत्नाला मी तिच्या जवळ जात होतो आणि पाववाला हॉर्नवरचा हात उचलत नव्हता.

“साडेतीन झाले,” बायको म्हणाली.

“गाडीतच दोष आहे,” मी म्हटलं.

ती उतरून मागे गेली. चाकाला दगड लावत असेल, असं वाटून मला बरं वाटलं. मग ती माझ्या खिडकीशी आली.

“चला.”

“दगड लावलास ना?”

“काडेपेटी ठेवलीय. हॉटेलच्या खोलीतली.”

आता प्रश्न इभ्रतीचा होता. उभ्या नोकरीत लोकांना जे जे सांगितलं, ते सगळं आठवून मी क्लच सोडला. मागून कर्रर्र आवाज आला.

“उतरा.”

“अगं, पण लायसन्स?”

तिने पर्समधून ते काढून दाखवलं. “दादाकडे गेले होते तेव्हा काढलं. तिथल्या साहेबांनीही काडेपेटी ठेवली होती. जशीच्या तशी राहिली.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही विचारलंत कधी? आणि काळजी नको. तुम्ही बॅगा लावत होतात, तेव्हा त्या मुलीकडे मी माझंही नाव लिहून दिलंय.”

गाडी निघाली. मागे केसभरही सरली नाही. पाववाल्याने टाळ्या वाजवल्या (मी त्याच्याकडे बघितलं नाही).

होडी मिळाली. पहिली गुहा आली तशी ती लहान मुलीसारखी उठून उभी राहिली, होडीवाला खाली बसायला सांगून दमला. खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला. इतका, की होडीतून उतरेपर्यंत माझा स्वतःवरचा विश्वासही पूर्ववत झाला. असं शिक्षण शेवटी कोणाच्या धाकाने झालं? परतताना मी ऐटीत किल्लीसाठी हात पुढे केला.

तिने माझ्या तळहातावर चपटी झालेली काडेपेटी ठेवली.

“सराव करा,” ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात या.”